बिबट्या नसलेलं पुस्तक

मी मुलांसाठी लिहिते. राजाराणीच्या गोष्टी ज्यांना पुरत नाहीत आणि मोठ्यांची पुस्तकं ज्यांच्या हातात अजून कुणी देत नाही, अशा वयाच्या मुलांसाठी. माझी त्यातल्या त्यात वाचली गेलेली कादंबरी पुढच्या काळातल्या एका शहराबद्दल आहे. तिथली नदी वर स्लॅब टाकून झाकलेली आहे. झाडं नाहीत. बाहेरची हवा विषारी आहे असं सगळ्यांना लहानपणापासून सांगितलेलं आहे, आणि प्रत्येकाच्या गळ्यात एक राखाडी पट्टा आहे. सगळे बोलतात तेच बोललं की पट्टा सैल राहतो, वेगळं काही बोललं की आवळतो. शेवटी तेरा वर्षांची एक मुलगी तो पट्टा कापते, स्लॅबच्या भोकातून नदीत टाकते आणि वेशीबाहेर चालत जाते. बाहेरची हवा चांगली असते.

हे मी पुण्यात बसून लिहिलं. माझं माहेर मात्र भीमेपलीकडं, मांडवगण फराट्याकडं जाताना आत एका वस्तीवर आहे. आजोबांपर्यंत आमच्याकडं मेंढरं होती. वडिलांच्या काळात शेताला पाणी आलं, मेंढरं विकली गेली, माळ फोडला आणि आम्ही बागायतदार झालो. जग संपण्याच्या गोष्टी मला कुठून सुचतात असं मुलं विचारतात, तेव्हा मी इनामगावच्या सहलीची आठवण सांगते. घोड नदीच्या काठी एका उंचवट्यावर गुरुजींनी आम्हाला उभं केलं होतं. इथं हजारो वर्षांपूर्वी माणसं राहत होती, धान्य पिकवत होती, मग पाऊस कमी झाला आणि ती उठून गेली, असं ते म्हणाले. मी तेव्हा पायाखालच्या पांढऱ्या मातीकडं बघत होते. एक अख्खं गाव उठून जाऊ शकतं हे मला त्या दिवशी कळलं. ही आठवण खरी आहे, पण मी ती इतक्या वेळा सांगितली आहे की आता तिला व्याख्यानाचा वास येतो.

गेल्या हिवाळ्यात गावातल्या शाळेच्या मुख्याध्यापकांचा फोन आला. माझी भाची, म्हणजे भावाची मुलगी, तिथं आठवीत आहे. तिनं माझं पुस्तक शाळेत नेलं होतं आणि मधल्या सुट्टीत मैत्रिणींना रोज थोडं थोडं वाचून दाखवत होती. मुलांना पुस्तक फार आवडलंय, तुम्ही या, मुलांशी बोला, आम्हाला तुमचा सत्कारही करायचा आहे, असं मुख्याध्यापक म्हणाले. मी लगेच हो म्हटलं. पुण्यात माझे दोन-चार सत्कार झाले आहेत, पण माहेरच्या गावात कुणी शाल पांघरणं वेगळं असतं.

वरवंडला एसटीतून उतरले तर भाऊ मोटारसायकल घेऊन उभा होता. त्याच्या गळ्याभोवती मफलर होता. पूल ओलांडून नदीपलीकडं आलो तसा त्यानं गाडी बाजूला घेतली, मफलर काढला, आणि खाली जे होतं ते नीट बसवून पुन्हा निघाला. टायरच्या रबराचा पट्टा होता, त्यातून बाहेर निघालेले लांब खिळे होते. बिबटे वाढल्याचं मला माहीत होतं. आसपासच्या गावांत काय काय झालंय ते तो फोनवर सांगायचा. माणसं गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून शेतात जातात हेही मी वाचलं होतं. पण माझ्या भावाच्या मानेवरचे खिळे माझ्या डोळ्यांसमोर हातभर अंतरावर होते आणि मला मागं सरून बसावं लागलं.

त्यानं ते पट्टे घरीच केले होते. कसे करायचे हे त्याला कुणी शिकवावं लागलं नाही. आजोबांच्या कळपाबरोबर जी कुत्री असायची त्यांच्या गळ्यात असेच पट्टे असत. लांडगा आधी कुत्र्याचा गळा धरतो, म्हणून. भाऊ लहानपणी आजोबांच्या शेजारी बसून ते पट्टे दुरुस्त करायचा. आता त्यानं तेच माणसांच्या मापाचे केले. बायकोचा केला, स्वतःचा केला, मुलीचा केला. मुलीच्या पट्ट्याला आतून जुन्या गोधडीचं मऊ कापड लावलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी घराशेजारच्या कांद्यात खुरपत होती. मागं उसाची भिंत उभी होती, डोक्याच्या वर गेलेली, हिरवीगार. वहिनीचा पदर मागं सरकला होता, गळ्यात पट्टा होता आणि खिळ्यांवर ऊन पडलं होतं. मी ओट्यावरून फोन काढला आणि फोटो घेतला. चांगला आला. इतका चांगला, की मी दोन ओळी लिहून तो तिथल्या तिथं सगळ्यांना दिसेल असा टाकला. भविष्यातली म्हणून लिहिलेली गोष्ट माहेरी आधीच येऊन बसली आहे, अशा अर्थाच्या त्या ओळी होत्या. तासाभरात लोक भरभरून लिहू लागले. माझ्या प्रकाशकांचा फोन आला. पुढच्या आवृत्तीच्या मुखपृष्ठावर हाच फोटो घेऊ, असं ते म्हणाले. मी नाही म्हटलं नाही. बघू म्हटलं, आणि मनातून मला आनंद झाला होता.

दुपारी कुणीतरी वहिनीला तिच्या फोनवर तो दाखवला. ती स्वयंपाकघराच्या दारात आली. रागावली नव्हती.

"वन्सं, सांगितलं असतं तर पदर तरी नीट घेतला असता," ती म्हणाली. "माझ्या म्हायारचे समदे बघत्यात."

मी लगेच फोटो काढून टाकला. पण तोवर तो कुठं कुठं गेला होता ते माझ्या हातात राहिलं नव्हतं. वहिनीनं तो विषय परत काढला नाही. तिनं मला जेवायला वाढलं, आग्रह केला. मी खाली मान घालून जेवले.

भाची त्या दिवशी शाळेतून आली ती उड्या मारतच. पुस्तकाचं शेवटचं प्रकरण दुसऱ्या दिवशी वाचायचं होतं. मधल्या सुट्टीत वाचावं की शाळा सुटल्यावर, असं तिनं मला विचारलं. शेवट एका दमात वाचायला हवा, असं मी म्हटलं. लेखक म्हणून मी ते सहज बोलून गेले. म्हणून त्यांनी शाळा सुटल्यावर मागच्या पायरीवर बसून ते वाचलं आणि घरी निघायला उशीर झाला.

पुढचं मला तुकड्या-तुकड्यांनी कळलं.  शेवट ऐकून झाल्यावर एकजण म्हणाली की आपल्याही गळ्यात पट्टेच आहेत. कुत्र्याचे पट्टे, असं दुसरी म्हणाली. वर्गातली मुलं त्यांना त्यावरून चिडवायची. वस्तीकडं जाणाऱ्या रस्त्याला पाट लागतो. पाटाच्या पुलावर उभं राहून भाचीनं आधी आपला पट्टा काढला आणि पाण्यात टाकला. मग बाकीच्यांनी टाकले. त्यांनी टाळ्या वाजवल्या, असंही तिनं मला नंतर सांगितलं. पुलावरून पुढं दोन्ही बाजूंना ऊस आहे.

बिबट्या मागून आला. सगळ्यांच्या मागं चालणारी मुलगी शेजारच्या वस्तीवरची, अंगानं सगळ्यात लहान. त्यानं तिच्या पाठीवर उडी घेतली. पाठीवर दप्तर होतं, पुस्तकांनी भरलेलं, त्यामुळं पंजा आधी दप्तराला लागला आणि मग खांद्याला. ती तोंडावर पडली. बाकीच्या पळाल्या नाहीत. त्यांनी जी किंकाळी फोडली ती ऐकून पलीकडं ट्रॅक्टरवर असलेला माणूस हॉर्न दाबून धरतच आला, आणि बिबट्या उसात परत गेला.

मुलीला शिरूरच्या दवाखान्यात नेलं. खांद्याला टाके पडले, इंजेक्शनं दिली. डॉक्टर म्हणाले, वाचली. घरी आल्यावर भाची जिथं बसली तिथंच बसून राहिली. भावानं तिला मारलं नाही, ओरडला नाही. त्यानं फक्त विचारलं की पट्टा कुठं आहे. ती म्हणाली, पाटात. का, असं त्यानं विचारलं तेव्हा तिनं माझ्याकडं बघितलं. तिनं माझं नाव घेतलं नाही. तेव्हा मीच सांगितलं की माझ्या पुस्तकात असं आहे. भावानं पुस्तक वाचलेलं नव्हतं.  तो उठून गोठ्याकडं गेला.

दुसऱ्या दिवशी मुलगी दवाखान्यातून घरी आली आणि मी वहिनीबरोबर तिला बघायला गेले. तिची आई चुलीपाशी होती. तिच्याही गळ्यात पट्टा होता. तिनं आम्हाला बसायला सतरंजी टाकली, चहा ठेवला. मुलगी पालथी निजली होती, तिच्या खांद्यावर पांढरी पट्टी होती. मी तिच्याजवळ बसले तशी ती हसली आणि ओळखीनं म्हणाली, "तुमीच ना लेखिका?"

तिच्या आईनं चहाची कपबशी माझ्यासमोर ठेवली. मग तिथंच उकिडवी बसली.

"पोर सांगत हुती, तुमच्या पुस्तकात वाचलं म्हणून," ती म्हणाली. "त्या पुस्तकात बिबट्या हाय का?"

"नाही."

"मंग पट्टा कशापायी घालत्यात?"

मी सांगायचा प्रयत्न केला. तिथं सरकार घालायला लावतं, माणसांनी वेगळा विचार करू नये म्हणून, असं काहीतरी बोलले. ती लक्ष देऊन ऐकत होती. तिला खरंच समजून घ्यायचं होतं. तिच्या मुलीच्या पाठीवर जे झालं ते कुठून आलं, ते तिला हवं होतं.

"आमाला कुणी घालाय लावलं न्हाई," ती शेवटी म्हणाली. "मीच बांधला हुता. सकाळी येणी घालताना."

मी तिची माफी मागितली. ती अवघडली आणि म्हणाली, असं नका म्हणू, तुमी शिकलेली माणसं, पोरींना अक्कल नको का. वहिनीनं माझ्या दंडाला हात लावला आणि आम्ही उठलो. मी चहा अर्धाच प्यायले होते. तो तसाच टाकून आले याचीही मला नंतर लाज वाटली.

सत्कार रद्द करा असं मी मुख्याध्यापकांना सांगितलं. ते भले गृहस्थ आहेत. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले की मंडप घातला आहे, साखर कारखान्याचे एक संचालक प्रमुख पाहुणे म्हणून येणार आहेत, गावात पत्रिका गेल्यात. आता रद्द केलं तर त्या मुलीमुळं झालं असं होईल, लोक उगाच बोलतील. तुम्ही या, मुलांना दोन शब्द सांगा, पट्ट्याचं महत्त्वही सांगा. मी पुन्हा नाही म्हणायला हवं होतं. माझ्या पुस्तकातली मुलगी म्हणाली असती. मी म्हटलं, बरं.

शाळेच्या पटांगणात मुलं खाली बसली होती, गावातली माणसं खुर्च्यांवर, बायका एका बाजूला. बऱ्याच गळ्यांमध्ये पट्टे होते. पाटात गेलेल्या पट्ट्यांच्या जागी भावानं रात्रंदिवस बसून सगळ्या मुलींना नवे करून दिले होते. संचालक आमच्याच गावचे, वयानं मोठे, सगळे त्यांना आप्पा म्हणतात. त्यांनी भाषणात माझं कौतुक केलं, आपल्या मेंढपाळ समाजाची लेक कुठं जाऊन पोचली असं म्हणाले. मग त्यांनी माझ्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला. टाळ्या झाल्या. बायकांच्या रांगेत त्या मुलीची आईही बसली होती आणि तीही टाळ्या वाजवत होती.

मी बोलायला उभी राहिले. मुलींनो, पट्टा काढू नका, असं मी सांगितलं. गोष्टीतला पट्टा वेगळा आणि हा वेगळा. तो राज्य करणाऱ्यांनी घातलेला होता, हा तुमच्या आईनं घातला आहे. मी हे त्या बाईचंच वाक्य घेऊन बोलत होते.  मग मुख्याध्यापक म्हणाले, कुणाला काही विचारायचं आहे का.

भाची उभी राहिली. तिचा आवाज बारीक येत होता.

"आत्या, पण आईला पट्टा बांधायची येळ कुणी आणली?"

 मला उत्तर येत होतं. ते शाळेच्या कुंपणाबाहेर चारी बाजूंना उभं होतं. मी लहान असताना इथं माळ होता, गवत होतं, बाजरी होती, मटकी होती, ओढ्याकाठी बाभळी होत्या. सगळं मोडून आम्ही एकच पीक लावलं आणि ते वर्षभर उभं असतं. त्या उसातच बिबट्याची मादी विते, पिल्लं तिथंच मोठी होतात, त्यांनी दुसरं जंगल पाहिलेलंच नसतं. एकानं लावला म्हणून दुसऱ्यानं लावला, सगळ्यांनी लावला म्हणून कुणाला थांबता येईना. मी पुस्तकात एकसारखं झालेलं शहर राखाडी रंगवलं होतं. एकसारखेपणा हिरवाही असू शकतो हे मला सुचलं नव्हतं. त्या हिरव्यावरच तर मी शिकले, पुण्याला गेले, लेखिका झाले.

माझ्या शेजारी आप्पा बसले होते. समोर भाऊ होता. खुर्च्यांवरची झाडून सगळी माणसं ऊस लावणारी होती. माझ्या खांद्यावर शाल होती.

"प्रश्न फार चांगला आहे," मी म्हटलं. "आपण त्यावर नंतर निवांत बोलू."

आप्पा हसून म्हणाले, पोरगी हुशार आहे, आत्यावर गेलीय. माणसं हसली. भाची खाली बसली. तिनं माझ्याकडं पुन्हा बघितलं नाही. आभारप्रदर्शन झालं, मुलांना खाऊ वाटला.

घरी येताना मी भावाला म्हटलं की तिच्या प्रश्नाचं उत्तर ऊस आहे. तो गाडी चालवत होता. पट्ट्याचे खिळे माझ्याकडंच होते. तो मागं न बघता म्हणाला, "मला ठावं न्हाई व्हय, आक्का? समदे लावत्यात. मी एकट्यानं जवारी केली तर समद्या शिवारातली पाखरं माझ्यावर येतील, आन् बिबट्या बी कुठं जाणार न्हाई. तू तिथं बोलली असती तर निदान मला इथं बोलाय बरं पडलं असतं."

 त्याची गावात अडचण नको म्हणून मी गप्प बसले होते, आणि तो मी बोलेन म्हणून खुर्चीत बसला होता.

मी पुण्याला परत आले. प्रकाशकांना फोटो द्यायचा नाही असं कळवलं. त्यांना ते आवडलं नाही. भाची माझ्याशी फोनवर नीट बोलेना. हो, नाही, अभ्यास चालू आहे, एवढंच. आता मला उत्तर द्यायचं होतं, पण तिनं विचारणं सोडलं होतं. शेवटी मीच एकदा फोन करून तिला सगळं सांगितलं, उसाचं, आप्पांचं, माझ्या भीतीचं. ती ऐकत राहिली.

"मला तवाच कळलं हुतं," ती म्हणाली. "मला तुझ्याकडून ऐकायचं हुतं."

आमच्या उसाची तोड सुरू झाली तेव्हा मी पुन्हा गेले. आमच्या फडात तोडणाऱ्यांना पिल्लं सापडली. मांजराएवढी, डोळे नुकते उघडलेले. वनखात्याची माणसं आली, त्यांनी ती एका क्रेटमध्ये ठेवून बांधावर ठेवली आणि सगळ्यांना लांब केलं. अंधार पडताना मादी आली आणि एकेक पिल्लू तोंडात धरून पलीकडच्या, अजून न तोडलेल्या उसात घेऊन गेली. आम्ही गच्चीवरून बघत होतो. भाची माझ्या बाजूला उभी होती. 

तोड झाल्यावर भाऊ त्याच फडात पुन्हा ऊस धरणार होता. वहिनीनं ते होऊ दिलं नाही, म्हणजे सगळं नाही, घरालगतचा तुकडा तेवढा. तिनं एका सकाळी चहा देता देता सांगितलं की दारापासून पाटापर्यंत ती ऊस लावू देणार नाही, तिथं गुरांचा घास आणि भुईमूग होईल, गुडघ्याच्या वर काही नको. भाऊ म्हणाला, एवढ्यानं काय होणार? ती म्हणाली, "पोर दारातनं रस्त्यापातुर मला दिसंल." तिनं माझं पुस्तक वाचलेलं नाही. आता वाचायला देण्याचा मला धीर होत नाही. त्या तुकड्यात भुईमूग उगवला आहे. शेजारच्या वस्तीवरची मुलगी आणि भाची तिथूनच एकत्र शाळेला निघतात. वहिनी भांडी तशीच ठेवून, त्या डांबरी रस्त्याला लागेपर्यंत ओट्यावर उभी असते. मी असले तर मीही तिच्या शेजारी उभी राहते.